गल्ल्यातले परके नाणे

रात्री दुकान वाढवताना गल्ल्यातली नाणी ओट्यावर ओतून त्यांच्या चळती लावल्या जातात. वीसच्या नाण्यांची चळत लावताना एखादे नाणे बोटाला वेगळे लागते. रंग वीसच्या नाण्याचाच, म्हणजे बाहेर पांढरे कडे आणि मध्ये पिवळा गोल. पण आपल्या वीसच्या नाण्याला बारा बाजू असतात आणि हे मात्र साफ गोल आहे, शिवाय व्यासही मिलिमीटरभर कमी. उजेडात धरले की एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला उंच शिखराचे मंदिर आणि कडेने कधी न पाहिलेली लिपी दिसते. हे थायलंडचे दहा बाहटचे नाणे. गिऱ्हाइकाने मुद्दाम फसवलेले नसते. सहलीहून आलेल्या कोणाच्या तरी पाकिटात ते राहिलेले असते आणि चहाचे किंवा कोथिंबिरीचे पैसे देताना इतर नाण्यांसोबत हातात येते.

पिंपळगाव बसवंतसारख्या गावात असे नाणे सापडण्याची शक्यता जास्त, कारण हे गाव वाटेवरचे आहे. नाशिकहून साधारण तीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गावर. टोमॅटोच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात वीस किलोच्या क्रेटांचे ढीग लागतात, उत्तरेकडचे व्यापारी मुक्कामाला असतात, माल थेट बांगलादेशाच्या सीमेपर्यंत जातो. द्राक्षे युरोपला आणि आखाताला जातात. मजूर, चालक, क्लीनर, खरेदीदार अशी नाना मुलखांतली माणसे इथे चहा पितात, टपरीवर सुटे पैसे देतात, एसटीत बसतात. गावालगतच्या टोलनाक्यावरही एके काळी सुट्या पैशांची मोठी उलाढाल चालायची. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि ती थांबली. आता मोबाइलवर पैसे देण्याची सवय लागल्यामुळे चिल्लर एकूणच कमी झाली आहे. पण जिथे ती उरली आहे तिथे, म्हणजे चहाची टपरी, भाजीचा पाल, देवळाची दानपेटी, कंडक्टरची पिशवी इथे, नाणी निवडून पाहणाऱ्याला अजून बरेच काही हाती लागते.

परक्या नाण्याची किंमत काढायला बसण्याआधी त्याची ओळख पटवावी. हा क्रम उलटा झाला की माणूस एक तर नाणे फेकून देतो, नाहीतर भलत्या आशेला लागतो.

सगळ्यात जास्त चकवते ते नेपाळचे नाणे, कारण त्यावर देवनागरीच असते. अंकही देवनागरी, शब्दही ओळखीचे. जुन्या नाण्यांवर ‘श्री ५’ आणि पुढे ‘वीर विक्रम शाह देव’ असे राजाचे नाव दिसते. भारताच्या नाण्यावर मूल्य देवनागरी अंकात नसते, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले. नेपाळी नाण्यावरचे वर्ष विक्रम संवताचे असते. २०५१ किंवा २०६६ असा आकडा पाहून ‘भविष्यातले नाणे’ म्हणून चकित होणारे लोक भेटतात. त्यातून ५७ वजा केले की इसवी सन मिळतो, म्हणजे २०६६ चे नाणे साधारण २००९ चे. भारताचा एक रुपया म्हणजे नेपाळचे एक रुपया साठ पैसे हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. त्या हिशेबाने नेपाळी दोन रुपयांचे आपल्याकडे सव्वा रुपया होतात.

वर्षाचा हिशेब इतरही ठिकाणी उपयोगी पडतो. थाई नाण्यावर बौद्ध शकाचे वर्ष थाई अंकांत असते. ते कोणाकडून वाचून घेतले आणि २५६० निघाले, तर त्यातून ५४३ वजा करावेत, म्हणजे २०१७ मिळते. अरबी देशांच्या नाण्यांवर बहुधा हिजरी आणि इसवी अशी दोन्ही वर्षे असतात. तिथले अंक वाचायला दोन मिनिटांत शिकता येतात. ठिपका म्हणजे शून्य. उभी रेघ म्हणजे एक. बदामाच्या आकाराचा गोल म्हणजे पाच, आणि त्यालाच लोक शून्य समजतात. इंग्रजी सातासारखा दिसतो तो सहा, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा सात आणि तेच अक्षर उलटे केले की आठ. नऊ मात्र आपल्या ओळखीच्या इंग्रजी नवासारखाच दिसतो.

आखाती नाणी ओळखायला लिपीचीही गरज पडत नाही, चित्रावरून देश कळतो. उभट, चोचीची कॉफीची किटली असली तर ते संयुक्त अरब अमिरातीचे एक दिऱ्हाम. त्याच देशाच्या पंचवीस फिल्सवर हरीण असते आणि पन्नास फिल्सचे नवे नाणे सात बाजूंचे असते. शिडाचे गलबत म्हणजे कुवेत. खंजीर म्हणजे ओमान. खजुराचे झाड आणि त्याखाली एकमेकींवर आडव्या तलवारी म्हणजे सौदी अरेबिया. गलबत, खजूर आणि तलवारी हे तिन्ही एकत्र दिसले तर कतार. नाशिक जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे आखातात नोकरीला गेलेली आहेत, त्यामुळे चिल्लरीत ही नाणीही निघतात. दिऱ्हामचे नाणे पांढरे, गोल आणि २४ मिलिमीटर व्यासाचे. आपले नवे दोन रुपयांचे नाणे २३ मिलिमीटरचे. घाईत दोन्ही एकच वाटतात, आणि दोन रुपये म्हणून घेतलेल्या त्या नाण्याचे मूल्य वीस रुपयांहून अधिक असते. कुवेतचे शंभर फिल्सचे नाणेही असेच, दिनारचा दहावा हिस्सा म्हणजे पंचवीस रुपयांहून अधिक मोलाचे.

युरोच्या नाण्याची एक गंमत मुलांना जरूर दाखवावी. मूल्याची बाजू सगळ्या देशांची एकच, पण दुसरी बाजू प्रत्येक देशाची वेगळी. युरोपात दुरंगी नाणी एकमेकांत मिसळण्याचा प्रश्न तिथल्या दुकानदारांनाही सतावतो. थायलंडचे दहा बाहट आणि दोन युरो ही नाणी आकाराने व वजनाने इतकी जवळची आहेत, की युरोपात दहा बाहट दोन युरो म्हणून खपून जातात.

ही नाणी बदलून मिळतील का, हा पुढचा प्रश्न. बहुतेक नाही. बँका आणि परकीय चलन बदलणारे परवानाधारक सहसा नोटाच घेतात, नाणी घेत नाहीत. ब्रिटनचे जुने गोल एक पौंडाचे नाणे तर १५ ऑक्टोबर २०१७ नंतर त्या देशातही दुकानात चालत नाही. परकी नाणी जपून ठेवायला मात्र कायद्याची आडकाठी नाही. भारतात राहणाऱ्या माणसाने परदेशी नोटा किती बाळगाव्यात याला मर्यादा आहे, परदेशी नाण्यांना नाही. नात्यातले कोणी त्या देशात जाणार असेल तर त्याच्या हाती द्यावीत, नाहीतर संग्रहात ठेवावीत. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात सरकवण्याचा मोह टाळावा. दुकानाचा विश्वास त्या दोन रुपयांपेक्षा महाग असतो.

आता आपल्याच रुपयांकडे वळू. परदेशात पाडलेली भारतीय नाणी आपल्या खिशातून कितीतरी वेळा फिरलेली आहेत, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही. या लेखातला सगळ्यात रंजक शोध हाच, आणि तो घरबसल्या करता येतो.

भारत सरकारच्या चार टाकसाळी आहेत: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. नाशिकरोडला आपण छापखान्यांचे गाव म्हणून ओळखतो, पण तिथे नोटा आणि मुद्रांक छापले जातात, नाणी नाहीत. नाणे कोणत्या टाकसाळीचे ते वर्षाच्या आकड्याखालच्या बारीकशा खुणेवरून कळते. मुंबईची खूण चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटीसारखी. हैदराबादचा तारा. नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याची खूणच नसते, वर्षाखाली कोरी जागा. एवढे माहीत झाले की मूठभर रुपयांतली नाणी कुठे कुठे जन्मली ते भिंग लावून सांगता येते.

१९८० च्या दशकात देशात सुट्या नाण्यांची मोठी टंचाई पडली, टाकसाळींना मागणी पुरवेना, आणि सरकारने परदेशातून नाणी पाडून आणली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हेच पुन्हा करावे लागले. त्या नाण्यांवर त्या त्या टाकसाळीची खूण आहे. १९८५ च्या एक रुपयाच्या काही नाण्यांवर इंग्रजी ‘एच’ हे अक्षर आहे, ते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचे. ‘एम’वर चिमुकले वर्तुळ असेल तर मेक्सिको. ‘एमके’ ही जोडाक्षरासारखी खूण स्लोवाकियातल्या क्रेम्निकाची. १९९९ च्या पाच रुपयांच्या काही नाण्यांवर रशियन लिपीतली तीन अक्षरे लंबगोलात आहेत, ती मॉस्कोची. दक्षिण कोरियातून आलेल्या नाण्यांवर ताराच आहे, त्यामुळे हैदराबादशी गोंधळ होतो. पण हैदराबादचा तारा वर्षाखाली मधोमध असतो, तर कोरियाचा कडेच्या अंकाखाली. अशा नाण्यांना संग्राहक दर्शनी मूल्यापेक्षा जास्त देतात, विशेषतः नाणे न झिजलेले असेल तर. लाखाची गोष्ट मात्र कोणी करू नये.

हा शोध सोपा जावा म्हणून दोन साधने पुरतात: भिंग आणि चुंबक. अकरा बाजूंचे जुने दोन रुपयांचे नाणे तांबे-निकेलचे आहे, ते चुंबकाला चिकटत नाही. १९९२ नंतरचा एक रुपया पोलादी, तो चटकन चिकटतो. वर्ष आणि धातू जुळत नसतील तर ते नाणे बाजूला ठेवून पुन्हा पाहावे. तिसरी तपासणी हातानेच होते. सिंहाची बाजू सरळ धरून नाणे आडवे फिरवावे, मागची बाजूही सरळच यायला हवी. ती तिरपी किंवा उलटी आली तर ठसा बसवताना झालेली चूक आपल्या हाती आलेली असते, आणि अशी चुकीची नाणी संग्राहक मुद्दाम शोधतात.

मराठी घरांनी आणखी काही नाणी चिल्लरीतून बाजूला काढायला हरकत नाही. १९९९ सालचे संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे नाणे आणि त्याच वर्षीचे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे. डॉ. आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचा १९९० चा एक रुपया. लोकमान्यांचे पाच रुपयांचे. ही नाणी दुर्मीळ नाहीत, पण वापरून वापरून चेहरे पुसत चालले आहेत. चांगल्या स्थितीतले नाणे दिसले की तेव्हाच ठेवून द्यावे.

जुन्या पेट्यांतून आणि देवघरातून निघणाऱ्या नाण्यांची गोष्ट निराळी. नाशिक जिल्ह्याला लागून वैजापूरच्या बाजूला निजामाची हद्द होती, तिकडे ‘हाली सिक्का’ चालायचा आणि इकडे ब्रिटिशांचा ‘कलदार’. चारमिनारचे चित्र असलेले नाणे तुमच्या घरी निघाले, तर आजोबा-पणजोबांपैकी कोणीतरी त्या हद्दीपलीकडे व्यवहार केलेला असणार. पिंपळगावातून आग्रा रोडने पुढे गेले की चांदवड लागते. होळकरांच्या काळात तिथे टाकसाळ होती आणि ‘चांदवडी रुपया’ दूरवर चालत असे. त्यावर फारसीत ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असा मजकूर येतो. खुद्द नाशिकच्या टाकसाळीतल्या रुपयावर नाशिकचे मोगलाईतले नाव ‘गुलशनाबाद’ आहे. फारसी अक्षरे दिसली की ‘मोगलांचे’ म्हणून मोकळे होण्याची घाई नको, आपल्याच तालुक्याशेजारचे नाणे निघू शकते.

राजा छाप रुपयांत १९११ सालचा पाचव्या जॉर्जचा रुपया नीट पाहावा. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली, लोक चिडले, आणि १९१२ च्या नाण्यावर हत्तीची सोंड ठळक करून ठसा बदलला गेला. पहिल्या ठशाची बरीच नाणी वितळवली गेली, म्हणून उरलेल्यांना भाव आहे.

परकी नाणी या भागात येणे नवे नाहीच. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला, तब्बल १३,२५० नाण्यांचा. ती शक क्षत्रप नहपानाची होती. राजाच्या चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरे, मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, पण त्याची नाणी वितळवली नाहीत. त्यांच्यावर आपला ठसा मारून ती पुन्हा चालवली. त्या ठेव्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहनांचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह नहपानाच्या चेहऱ्यावरच उमटलेले आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात ७०,००० कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे २,००० सुवर्ण (सोन्याची नाणी) असा दरही कोरून ठेवला आहे, म्हणजे एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण. चलन बदलाचा हा भाव दोन हजार वर्षांपूर्वीचा.

नांगरताना किंवा शेततळे खोदताना असा ठेवा लागलाच, तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवणाऱ्याचा त्यातला हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते. मडके फोडून नाणी वाटून घेतली की इतिहासाचेही नुकसान होते, कारण कोणते नाणे कोणासोबत पुरले होते यावरूनच काळ ठरतो.

नाणे हाती आले की घरातली पहिली हालचाल चिंच किंवा पितांबरीकडे होते. ती थांबवावी. तांब्याच्या नाण्यावरचा काळसर थर शतकभरात तयार झालेला असतो, तो धातूला जपतो आणि नाणे अस्सल असल्याची साक्षही देतो. घासून चकचकीत केलेल्या नाण्याला संग्राहक निम्मीही किंमत देत नाहीत. माती असेल तर साध्या पाण्यात भिजवून, न चोळता, मऊ कापडावर टिपून घ्यावी. नाणे कडेने धरावे. प्रत्येक नाण्यासाठी कोरड्या कागदाचे छोटे पाकीट करावे, त्यावर कुठे, कधी आणि कशात मिळाले ते लिहावे. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळाभर ठेवलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, तेव्हा ती टाळावी.

ओळख पटेना तर नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीला भारतातली नाणेशास्त्राची नामवंत संशोधन संस्था आहे. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी १९८० मध्ये ती उभी केली. तिथे नाण्यांचे संग्रहालयही आहे. मुलांना त्र्यंबकेश्वरला नेताना एक फेरी तिथे जरूर व्हावी.

आणि फसवणुकीबद्दल स्पष्टच बोलायला हवे, कारण तालुक्याच्या गावांतून लोक यात पैसे घालवत आहेत. वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असे संदेश मोबाइलवर फिरतात. ती नाणी सरकारने चलनासाठीच काढलेली आहेत. ‘खरेदीदार’ फोनवर गोड बोलतो, मग नोंदणी, कर, कमिशन अशा नावांनी हजार-दोन हजार मागतो आणि गायब होतो. यात रिझर्व्ह बँकेचे नावही वापरले जाते. बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवेदन काढून कळवले, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि असे कोणतेही शुल्क घेत नाही. राम-सीता किंवा हनुमान आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असे छापलेली तांब्या-पितळेची नाणी कंपनीने कधी काढलीच नव्हती, त्या मागाहून केलेल्या बनावट वस्तू आहेत. तांदूळ ओढून घेणारे ‘राइस पुलर’ नाणे असे काही नसतेच. ते दाखवणारा भेटला तर पोलिसांना कळवावे.

शेवटी दुकानदारांसाठी एक गोष्ट. परक्या नाण्याकडे लक्ष न देणारे काही जण दहाचे अस्सल नाणे मात्र ‘हे चालत नाही’ म्हणून परत करतात, कारण चित्र ओळखीचे नसते. काहींवर ₹ चिन्ह आहे, जुन्यांवर नाही, कारण ते चिन्ह नाण्यांवर २०११ पासून आले. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी जाहीर केले होते, की तोवर दहाच्या नाण्याचे चौदा नमुने निघाले आहेत आणि सगळे वैध आहेत. पन्नास पैसेही कायद्याने अजून चालतात. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ ला बाद झाली. २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया आणि त्यावरच्या नाण्यांत हजार रुपयांपर्यंतची रक्कम देता येते. तेव्हा पिंपळगावच्या व्यापाऱ्यांनी आणि टपरीवाल्यांनी दहाचे कोणतेही नाणे पुढे आले तर ते घ्यावे, आणि गिऱ्हाइकानेही ते परत घ्यायला नकार देऊ नये.